सरकारी पानावरचा तिसरा

पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’, वरच्या पट्टीत छोटासा झेंडा आणि ‘ही अमेरिकी सरकारची अधिकृत वेबसाइट आहे’ अशा अर्थाची ओळ. ग्रीन कार्डाचा अर्ज कुठवर आला, कर किती भरायचा, कोणता आरोग्यविमा घ्यायचा, अशा कामांसाठी अमेरिकेतले लोक ही पाने सतत उघडतात. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यात आली. पान उघडले की वाटते, इथे आपण आणि सरकार दोघेच आहोत. प्रत्यक्षात पान पुरते उमटायच्या आत तिसऱ्याच कोणाला तरी आपण आल्याची वर्दी गेलेली असू शकते. ती कशी जाते आणि तिला लगाम घालण्यासाठी अमेरिकी सरकारने स्वतःवर कोणते नियम घालून घेतले, ते क्रमाने पाहू.

वर्दी जाते कशी?

वेबपान एकाच ठिकाणाहून एकसंध येत नाही. सरकारी सर्व्हरकडून ब्राउझरला येते ती बरीचशी एक यादी असते: हा मजकूर दाखव, हे चित्र आमच्याकडून घे, हा व्हिडिओ यूट्यूबवरून आण, वाचकांच्या मोजणीची ही स्क्रिप्ट गूगलकडून आण. यादीतल्या प्रत्येक पत्त्यावर ब्राउझर स्वतः जातो. जाताना तुमचा आयपी पत्ता, ब्राउझर कोणता, उपकरण कोणते, बहुतेक वेळा आपण कोणत्या साइटवरून आलो हेही तो सांगतो. त्या कंपनीने पूर्वी तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी ठेवली असेल, तर नेहमीच्या सेटिंगनुसार तीही सोबत जाऊ शकते. कुकी ही छोटीशी नोंद. तिच्यात बहुधा एखादा लांबलचक क्रमांक असतो. काल खरेदीच्या साइटवर आणि आज सरकारी साइटवर तोच क्रमांक दिसला, की दोन्हीकडे आलेला माणूस एकच, हे कंपनीला कळते. त्यासाठी नाव माहीत असण्याची गरज नसते.

मेख अशी की ही मागणी सरकारच्या यंत्रातून जात नाही, तुमच्या यंत्रातून जाते. ‘आम्ही तुमची माहिती कोणाला देत नाही’ हे सरकारचे म्हणणे अक्षरशः खरे असले, तरी सरकारने लिहिलेल्या यादीमुळेच ती माहिती बाहेर गेलेली असते.

आधी बंदी, मग शिस्त

हा प्रश्न अमेरिकेत २००० च्या जूनमध्ये चव्हाट्यावर आला. व्हाइट हाउसच्या अमली पदार्थ नियंत्रण धोरण कार्यालयाच्या जाहिरात मोहिमेत डबलक्लिक या जाहिरात कंपनीच्या कुकी वापरल्या जात असल्याचे उघड झाले. अमली पदार्थांविषयी माहिती शोधणाऱ्यांच्या वाटेवर सरकारच खुणा ठेवते आहे, असा गदारोळ झाला. त्याच महिन्यात व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाने, म्हणजे ओएमबीने, परिपत्रक काढले: तशीच निकड असेल, वाचकाला स्पष्ट सूचना असेल आणि खात्याच्या प्रमुखाने स्वतः मंजुरी दिली असेल, तरच अशा कुकी वापरायच्या. व्यवहारात ही बंदीच ठरली.

२००२ च्या ई-गव्हर्नमेंट कायद्याने आणखी एक पायरी घातली. नागरिकांची ओळख पटेल अशी माहिती गोळा करणारी यंत्रणा उभारण्याआधी तिचा खासगीपणावर काय परिणाम होईल, याचा लेखी आढावा घेणे खात्यांना बंधनकारक झाले.

पुढे यूट्यूब आणि फेसबुक आले, आणि सरकारलाही तिथे जावेसे वाटू लागले. २००९ च्या सुरुवातीला व्हाइट हाउसच्या साइटवर यूट्यूबचे व्हिडिओ बसवले गेले आणि त्यांच्यासाठी कुकीच्या नियमातून सूट दिली गेली. टीका झाल्यावर, वाचकाने व्हिडिओ सुरू केल्याशिवाय कुकी ठेवली जाऊ नये, अशी तजवीज करण्यात आली. बंदी कागदावर आणि सवलत व्यवहारात, असा हा प्रकार फार दिवस चालण्यासारखा नव्हता. २५ जून २०१० रोजी ओएमबीचे संचालक पीटर ऑर्झॅग यांच्या सहीने एकाच दिवशी दोन परिपत्रके निघाली. एम-१०-२२ हे मोजणी आणि कुकी यांविषयी, तर एम-१०-२३ बाहेरच्या साइट व सेवांविषयी.

तीन पायऱ्या, चार मनाया

एम-१०-२२ ने वापराच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिलीत नोंद त्या एका भेटीपुरती राहते आणि ब्राउझर बंद होताच संपते. दुसरीत पुढच्या भेटीतही तोच ब्राउझर ओळखू येतो, पण माणसाची ओळख पटेल असे काही घेतले जात नाही. तिसरीत ओळखही जोडली जाते. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी स्पष्ट सूचना आणि नकाराची सोय पुरते. तिसरीसाठी मात्र वाचकाने आपणहून होकार द्यावा लागतो. शिवाय खात्याने आधी लोकांची मते मागवावी लागतात आणि मुख्य माहिती अधिकाऱ्याची लेखी मंजुरी घ्यावी लागते.

काही गोष्टींना सरळ मनाई आहे. आपल्या साइटबाहेर वाचक काय करतो याचा माग काढायचा नाही. स्पष्ट संमतीवाचून अशा मोजणीतून मिळालेली माहिती दुसऱ्या खात्याला द्यायची नाही. संमतीवाचून ती ओळखीच्या माहितीशी ताडून एकेका माणसाची हालचाल शोधायची नाही. आणि संमतीवाचून ओळख पटेल अशी माहिती या मार्गाने गोळाच करायची नाही.

एक व्हिडिओ लावायचा, तर

दुसरे परिपत्रक समजून घ्यायला एखाद्या खात्यातल्या अधिकाऱ्याचे काम डोळ्यांपुढे आणू. त्याला लसीकरणाविषयीचा यूट्यूबवरचा व्हिडिओ खात्याच्या पानावर बसवायचा आहे. आधी त्याने यूट्यूबचे गोपनीयता धोरण वाचून जोखीम तपासायची. पुढे ते धोरण बदलते का, यावरही लक्ष ठेवायचे. वाचकांची ओळख पटेल अशी माहिती खात्याच्या हाती येण्याचा संभव असेल, तर खासगीपणावरच्या परिणामांचा आढावा या सेवेपुरता लिहून तो प्रसिद्ध करायचा. या पानावर दुसऱ्या कंपनीची सेवा आहे, हे खात्याच्या गोपनीयता धोरणात नमूद करायचे. व्हिडिओ बसवण्याऐवजी नुसती लिंक दिली, तर लिंकशेजारी किंवा छोट्या खिडकीत सांगायचे की तुम्ही सरकारी साइट सोडून चालला आहात.

खात्याने फेसबुकसारख्या ठिकाणी स्वतःचे पान उघडले, तर शक्य असेल तेव्हा त्या पानावरच सूचना हवी: ही सरकारी साइट नाही, ती दुसरी कंपनी चालवते, आमचे धोरण इथे लागू नाही. या सगळ्यांपेक्षा मोलाची अट वेगळीच आहे. तीच माहिती आणि तशीच सेवा खात्याच्या स्वतःच्या साइटवरही मिळायला हवी. प्रतिक्रिया बाहेरच्या सेवेवर मागवल्या, तर सरकारी ईमेलचा पत्ताही द्यायला हवा. सरकारशी बोलण्यासाठी कोणालाही एखाद्या कंपनीत खाते उघडावे लागू नये, हा त्यामागचा विचार.

सूचनेची ताकद मात्र मर्यादित आहे. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत’ या पाटीसारखी ती जबाबदारी वाचकावर टाकते, गाडी सांभाळत नाही. लिंकच्या बाबतीत निदान क्लिक करण्याआधी इशारा मिळतो. पानातच बसवलेल्या गोष्टीला क्लिक लागत नाही. धोरण वाचेपर्यंत ब्राउझर तिकडे जाऊन आलेला असतो.

म्हणून खरे रक्षण पानाच्या बांधणीत असते. यूट्यूबने ‘नोकुकी’ नावाचा वेगळा पत्ता दिला आहे. तो वापरला तर व्हिडिओ सुरू करेपर्यंत कुकीचा वापर टळतो. तरी व्हिडिओची चौकट पानासोबत उघडते, त्यामुळे आयपी पत्ता गूगलकडे पोचतोच. त्याहून पक्का उपाय असा: पानावर सरकारी सर्व्हरवरचे एक स्थिर चित्र ठेवायचे आणि त्यावर टिचकी मारल्यावरच यूट्यूबची चौकट मागवायची. खर्च जवळपास शून्य, आणि निवड खरोखर वाचकाच्या हाती.

मोजणी

२०१२ मध्ये अमेरिकी सरकारच्या जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे जीएसएने, ‘डिजिटल अ‍ॅनालिटिक्स प्रोग्रॅम’ सुरू केला. खात्यांनी आपल्या पानांवर एकच सामाईक स्क्रिप्ट टाकायची आणि मोजणी गूगल अ‍ॅनालिटिक्सवर व्हायची. हा वापर एम-१०-२२ च्या दुसऱ्या पायरीत मोडतो. ओळख पुसट व्हावी म्हणून आयपी पत्त्याचा शेवटचा आकडा गाळायची सोय ठेवली गेली: २०३.०.११३.४५ हा पत्ता २०३.०.११३.० होऊन साठत असे. म्हणजे घर कळत नसे, परिसर कळे. पण हे गाळणे गूगलच्या यंत्रावर होत असल्याने मूळ पत्ता तिथवर जातोच. सरकारला आणि नागरिकालाही कंपनीच्या शब्दावर विसंबावे लागते. यातली जमेची बाजू म्हणजे खुलेपणा. स्क्रिप्ट कोणालाही वाचता येते, आणि २०१५ पासून या क्षणी सरकारी साइटवर किती लोक आहेत, कोणती पाने जास्त पाहिली जातात, हे आकडे सर्वांसाठी खुले आहेत.

जिथे नियम असूनही घसरले

२०१५ च्या जानेवारीत असोसिएटेड प्रेसने आरोग्यविम्याच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या साइटविषयी बातमी दिली. विमा योजना चाळताना वाचक वय, पिनकोड, उत्पन्न भरत असे आणि ती उत्तरे पानाच्या पत्त्यातच लिहिली जात. ‘स्मोकर’पुढे १, ‘प्रेग्नंट’पुढे १, असा तो पत्ता. पानावर जाहिरात आणि मोजणी कंपन्यांच्या स्क्रिप्ट होत्याच. ब्राउझर त्यांच्याकडे गेला की हा पूर्ण पत्ताही जाई. नाव कुठे नव्हते, पण गरोदरपण, धूम्रपान आणि उत्पन्न डबलक्लिकसारख्या जाहिरात यंत्रणेपर्यंत पोचत होते. काही दिवसांतच बदल झाले. त्याच वर्षी पुढे बाहेरच्या स्क्रिप्ट नाकारण्याची सोयही साइटवर आली.

दोष धोरणातल्या मजकुरात नव्हता, दोन वेगवेगळ्या निर्णयांच्या गाठीत होता. उत्तरे पत्त्यात ठेवणे ही प्रोग्रॅमरांची सोय, जाहिरातीची स्क्रिप्ट ही प्रचारवाल्यांची गरज. दोन्ही एकाच पानावर आल्या तर काय होईल, हे कोणी पाहिले नाही. २०२० नंतर क्रोमसारखे ब्राउझर दुसऱ्या साइटला पूर्ण पत्ता न देता फक्त साइटचे नाव देऊ लागले, त्यामुळे ही वाट बरीच अरुंद झाली. पण पानातच चालणारी स्क्रिप्ट तो पत्ता आजही स्वतः वाचू शकते. म्हणून खासगी तपशील पत्त्यात ठेवायचेच नाहीत, हा धडा अजून शिळा झालेला नाही.

आपल्याकडे आणि आपल्या हाती

भारतातही सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना आहेत. पहिली आवृत्ती २००९ ची, तिसरी २०२३ ची. महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांच्या साइटवर बाहेरची लिंक दाबली की ‘तुम्ही या संकेतस्थळाबाहेर जात आहात’ अशी खिडकी उघडते, ती याच शिस्तीतली. पण त्याच पानात बसवलेल्या नकाशाला किंवा व्हिडिओला ही खिडकी आड येत नाही.

हे कोणालाही पडताळता येते. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडा, एफ-१२ कळ दाबा, ‘नेटवर्क’ या भागात जा आणि पान पुन्हा लोड करा. ब्राउझर कुठे कुठे गेला त्याची यादी खाली उतरू लागेल. त्यात सरकारी नसलेली नावे किती, ती आपण कशालाही हात लावण्याआधी आली की नंतर, आणि त्यांच्यावाचून काम होऊ शकले असते का, हे तीन प्रश्न विचारा. गोपनीयता धोरणाच्या पानाआधी ही यादी वाचावी; धोरणात सरकार काय म्हणते ते कळते, यादीत ते काय करते ते दिसते.