सिटीज स्कायलाइन्समध्ये भीमाकाठचं गाव

फिनलंडच्या कलॉसल ऑर्डरचा हा गेम 2015 साली आला. त्यात शहरं सगळेच उभारतात. मला मात्र आपल्या शिरूर-दौंडकडचं नदीकाठचं गाव उभं करायचं होतं. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालात की पारगावजवळ भीमा ओलांडावी लागते. नमुना म्हणून तो पट्टा उत्तम.

आधी नदी घ्या. पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंचवट्यावर गावठाण ठेवा. देऊळ आणि घाट तेवढे पाण्यालगत. गल्ल्या काटकोनात आखल्या की गाव सरकारी कॉलनीसारखं दिसतं, म्हणून रस्ते वाकडे काढा आणि ‘मूव्ह इट’ मॉडने घरं थोडी तिरकी करा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, काठावर उपसा पंपाच्या खोल्या, तिथून आत ऊस. सगळी घरं गावठाणात कोंबू नका, मळ्यांमधून वस्त्या विखरा. न्हावऱ्यात घोडगंगा साखर कारखाना आहे, तेव्हा लांबवर एक धुराडं हवंच! शेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या.

गेममधली तयार घरं मात्र अगदीच परदेशी वाटतात. पत्र्याच्या छपराची, धाब्याची घरं कुणी बनवली असतील तर कमेंटमध्ये लिंक टाका.