रेडिओ डिजिटल होतोय, पण सीमाभागात मराठी केंद्र लागणार का?

कॅम्प : १२५१ वर काटा आणला की सांगली, ७६५ वर आणला की धारवाड. जुन्या ट्रान्झिस्टरचा हा हिशेब कॅम्प भागातल्या जुन्या श्रोत्यांना तोंडपाठ आहे. आता रेडिओचं तंत्र बदलतंय. मीडियम वेव्हची जागा एफएम, मोबाईल अॅप आणि डिजिटल रेडिओ घेत आहेत. आवाज सुधारणार यात वाद नाही. मात्र सीमाभागातल्या श्रोत्याचा प्रश्न वेगळा आहे : मराठी केंद्र इथपर्यंत पोहोचणार का?

लहर लांब, पल्ला लांब

सांगली आकाशवाणी १९६३ मध्ये सुरू झाली. तिच्या १२५१ किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी सुमारे २४० मीटर भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून पुढे सरकते, डोंगर-टेकाड आडवं आलं तरी वळसा घालते. रात्री तर आकाशातल्या थरावर आपटून ती आणखी दूर जाते. म्हणून राज्याची हद्द कुठेही असली तरी मराठी कार्यक्रम इकडे ऐकू यायचे.

एफएमचं तसं नाही. कोल्हापूर आकाशवाणीच्या १०२.७ मेगाहर्ट्झची लहर जेमतेम तीन मीटरची. ती साधारण सरळ रेषेत जाते. निपाणी कोल्हापूरपासून ४० किलोमीटरवर आहे, तिथे अडचण कमी. बेळगाव मात्र ११० किलोमीटरवर आणि वाटेत तवंदीचा घाट! बेळगावात केएलईचं वेणुध्वनी ९०.४ हे सामुदायिक केंद्र आहे. पण अशा केंद्रांना १०० वॉटचीच मर्यादा असते, त्यामुळे त्यांचा आवाज शहर-परिसरापुरताच राहतो.

डिजिटल म्हणजे नेमकं काय?

आकाशवाणीने देशात ३५ मीडियम वेव्ह प्रक्षेपक डीआरएम म्हणजे डिजिटल पद्धतीचे केले. त्यात धारवाड, पणजी आणि पुणे आहेत. या पद्धतीत आवाजाचे आकडे करून ते लहरीवरून पाठवतात. एकाच फ्रिक्वेन्सीवर एकापेक्षा जास्त कार्यक्रम बसतात, पडद्यावर मजकूर दिसतो आणि वीजही कमी लागते.

अडचण दोन ठिकाणी आहे. जुन्या रेडिओवर हे ऐकू येत नाही, नवा संच घ्यावा लागतो आणि तो साध्या ट्रान्झिस्टरच्या कित्येक पट महाग पडतो. दुसरं म्हणजे, जुन्या पद्धतीत सिग्नल कमी झाला तरी खरखरीतून बातमी समजायची. डिजिटलमध्ये सिग्नल एका पातळीखाली गेला की रेडिओ एकदम गप्प!

खासगी केंद्रांसाठी ट्रायने ऑक्टोबर २०२५ मध्ये डिजिटल रेडिओच्या शिफारशी केल्या. सुरुवात १३ मोठ्या शहरांपासून करावी, असं त्यात म्हटलं आहे. मुंबई, पुणे, नागपूर, बंगळूर त्यात आहेत, बेळगाव नाही.

अॅपचा पर्याय

मोबाईलवर न्यूजऑनएअर अॅपमधून महाराष्ट्रातली आकाशवाणी केंद्रं ऐकता येतात. इथे ना घाट आडवा येतो, ना हद्द. ६४ केबीपीएस वेगाने तासभर ऐकलं तर साधारण २९ एमबी डेटा जातो. रोज दोन तास धरले तर महिन्याला पावणेदोन जीबीच्या आसपास. रेडिओच्या दोन सेलवर महिना काढणाऱ्या आजोबांच्या दृष्टीने हा नवा खर्चच. शिवाय पुराच्या दिवसात वीज गेली, टॉवर बंद पडला, तर अॅपही बंद. सेलवरचा रेडिओ अशा वेळीच खरा कामाला येतो.

श्रोत्यांनी काय करावं?

जुना ट्रान्झिस्टर एवढ्यात भंगारात देऊ नये. नवा डिजिटल संच घेण्याआधी दुकानदाराला तो आपल्या घरात लावून दाखवायला सांगावं. घरातल्या ज्येष्ठांना अॅपवर आवडीचं केंद्र एकदा निवडून द्यावं, म्हणजे रोज शोधत बसायला नको.

परवाने शहर बघून दिले जातात, पण मराठी श्रोता फक्त शहरात राहत नाही. निपाणी, खानापूर, बेळगाव पट्ट्यातल्या लोकांनी मराठी केंद्राच्या पल्ल्याची मागणी आत्ताच लेखी मांडली, तर तिचा विचार होण्याची शक्यता आहे. जुने प्रक्षेपक उतरवल्यानंतर केलेल्या तक्रारीला फारसा अर्थ उरणार नाही.