कानांसाठी मथळे

वर्तमानपत्र हाती आले की आपण आधी मथळ्यांवरून नजर फिरवतो आणि हवी ती बातमी गाठतो. संगणकावर वेबपान वाचणाऱ्या अंध माणसालाही हेच करायचे असते, फक्त कानांनी. त्यासाठी स्क्रीन रीडर नावाची प्रणाली पानावरचा मजकूर बोलून दाखवते. २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली एनव्हीडीए ही त्यांतलीच एक; ती मोफत मिळते. कळफलकावरचे एच अक्षर दाबले की ती पुढच्या मथळ्यावर जाते.

पण मथळा तिला ओळखू येतो कसा? वेबपाने ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात, तिच्यात मथळ्यांसाठी सहा पायऱ्यांच्या खुणा आहेत. एच-१ म्हणजे मुख्य शीर्षक, एच-२ म्हणजे विभाग, एच-३ म्हणजे त्यातला पोटविभाग. उतरताना मधली पायरी गाळू नये. नुसती अक्षरे मोठी आणि ठळक केली, तर डोळ्यांना मथळा दिसतो. स्क्रीन रीडरला मात्र ती साधी ओळच.

समजा, नोकरभरतीची लांबलचक जाहिरात आहे. 'पात्रता', 'शुल्क', 'अंतिम तारीख' यांना खुणा असतील, तर अंध उमेदवार झटकन तारखेपाशी पोचतो. नसतील तर सारे पान ऐकत बसतो.

मी कवितेची ओळ कुठे तोडायची ते कानाला विचारतो. श्रोतेहो, तुमच्यापैकी जे वेबपाने तयार करतात, त्यांनी आपल्या पानाचे नुसते मथळे एकदा डोळे मिटून ऐकावेत. तेवढ्यावरून पानात काय आहे ते कळले, तर रचना नीट जमली.