अडुळसा: रसातला आणि गोळीतला

पावसाने उघडीप दिली की परभणी, पूर्णा, जिंतूरकडच्या पडीक रानांत गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरून येते. मग शिंका, अंगाला खाज, घशात खवखव. अशा वेळी कुणीतरी होमिओपॅथीच्या दुकानातून 'जस्टिसिया आधाटोडा' घेऊन येते. हे नाव आपल्या अडुळशाचेच. जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला लावतात तोच.

अडुळशात औषधी गुण आहे, यात शंका नाही. त्याच्या पानांत व्हॅसिसिन नावाचे अल्कलॉइड असते. त्याच्या रेणूच्या धर्तीवर शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनवले. शरीरात त्याचेच रूपांतर होऊन अॅम्ब्रोक्सॉल तयार होते, आणि ते आज खोकल्याच्या कितीतरी सिरपांत मिळते. दोन्ही औषधे चिकट कफ पातळ करतात.

पण बाटलीवर काय लिहिले आहे, ते आधी वाचावे. मदर टिंक्चर म्हणजे अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क. त्यात वनस्पतीची द्रव्ये खरोखर असतात. गर्भवतींनी मात्र अडुळशाच्या अर्कापासून दूरच राहावे, कारण व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावू शकते. '30' लिहिलेल्या गोळ्यांची गोष्ट अगदी वेगळी. अर्काचा एक थेंब 99 थेंब अल्कोहोलमध्ये मिसळायचा, त्यातला एक पुन्हा 99 थेंबांत, असे 30 वेळा. बाराव्या फेरीलाच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जेमतेम राहते. तिसाव्या फेरीला विरलपणा एकावर 60 शून्यांइतका होतो. झटके देत विरल केल्याने औषधाची शक्ती वाढते, असे होमिओपॅथीचे जनक सॅम्युअल हानेमान मानत. रसायनशास्त्रात त्याला आधार नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये होमिओपॅथीवरचे अभ्यास तपासले, आणि कोणत्याही आजारावर ती गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा त्यांना आढळला नाही.

तरी लोकांना बरे वाटते, ते खोटे बोलत नाहीत. अॅलर्जीचा त्रास मुळात चढउतार होणारा; हवा बदलली, फुलोरा सरला की घसाही निवतो. श्रेय मात्र शेवटच्या गोळीला मिळते. दम लागत असेल, छातीत घरघर असेल, तर गोळ्यांवर दिवस काढू नका, डॉक्टरांकडे जा.

खरा उपाय बांधावर आहे. गाजर गवत फुलोऱ्यावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात मेक्सिकन भुंग्यांची पैदास होते. हे भुंगे आणि त्यांच्या अळ्या या गवताची पाने फस्त करतात.