तात्यांचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं

ज्याच्या खांद्यावर बसून तुम्ही पहिल्यांदा रान पाहिलं, असा एखादा चुलता तुमच्याही घरात असेल. आमचे तात्या तसे होते. आमचं गाव मंगळवेढे तालुक्यातलं. काळी जमीन, विहिरीला पाणी बेताचं, सगळी भिस्त रब्बी ज्वारीवर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते थोरले. चावडी, सोसायटी, बाजारहाट ते बघायचे. रान बघायचे तात्या.

हस्ताचा पाऊस उघडला की मालदांडीची पेरणी निघायची. तात्या तिफण हाकायचे, काकी चाड्यावर मूठ धरायची, मी मागनं चालायचो. तात्या म्हणायचे, "नळीकडं ध्यान ठेव रं. नळी तुंबली तर बी पडत न्हाई, आन् कळतं आठ दिसांनी, उगवून आल्यावर." सुगीत खळ्यावर तिवड्याभोवती बैल फिरायचे. राखणीला रात्री मी तात्यांच्या घोंगडीत झोपायचो. रास झाली की आधी बलुतेदारांचं माप, मग घरची पोती, हा त्यांचा रिवाज.

1972 चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवत असेल. पेरलेलं उगवलंच नाही. घरात मिलोच्या भाकरी. तात्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथं मिळालेली सुकडी उपरण्यात बांधून आणायचे आणि आम्हा सगळ्या पोरांना सारखी वाटायचे. स्वतःच्या पोरांना चिमूटभरही जास्त नाही. बैलजोडी विकायची वेळ आली तेव्हा काकीनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या पैशांत वैरण आली, बैल दावणीला राहिले.

आता खरी गोष्ट सांगतो. आजोबा 1968 साली वारले, तेव्हा जमीन अण्णांच्या नावावर लागली. नावापुढं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुणाच्या मनात पाप नव्हतं. घर एक, चूल एक, मग नावं दोन कशाला, एवढाच विचार. पुढं चुली वेगळ्या झाल्या, बांध पडला, पण सगळं तोंडी. 2003 साली तात्या गेले. काकी पीककर्जाला सोसायटीत गेली, तर कागदावर तिचं काहीच नाही. जिच्या पाटल्यांवर बैल जगले, तिच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं.

अण्णा तेव्हा सत्तरीच्या पुढं. त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, "मी आधी गेलो असतो तर? तुमची नावं लागली असती, तिनं कुणाच्या दारात जायचं?" मग सगळ्यांना बसवलं. काकीचं, चुलत भावाचं आणि चुलत बहिणीचं नाव आधी लावून घेतलं. 2006 साली तहसीलदारांपुढं संमतीनं रीतसर वाटणी झाली. माझी बहीण सासरहून सही करायला आली.

तुमच्या घरचा सातबारा आज काढून बघा. त्यावर 'ए.कु.मॅ.' असेल, तर कुणाकुणाची नावं आत दडली आहेत ते विचारा. घरातलं माणूस गेलं, तर तीन महिन्यांत वारसाची वर्दी द्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 मध्ये तसं सांगितलं आहे. सगळ्या सहधारकांची संमती असेल, तर कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटणी करून घेता येते, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. लेकींना विसरू नका. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आणि गावच्या भाऊसाहेबांना विनंती, वर्दी घेताना विधवा आणि लेकी यांची नावं आवर्जून विचारा. घरची माणसं लाजेनं सांगत नाहीत.

नवा सातबारा काकीच्या हातात दिला, तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "ह्यांचं नाव कुठं हाय?" मी तिच्या नावावर बोट ठेवलं. तिच्या नावाच्या मधोमध तात्यांचं नाव होतं. तिनं त्या जागेवरून दोनदा बोट फिरवलं, आणि कागद घडी घालून कनवटीला लावला.