कार्तिकातली जमीन, आषाढातला घोडा

भाताची कापणी उरकली आणि खळ्यावर मळणी सुरू झाली, की कल्याण-मुरबाड रस्त्यावर रविवारच्या सकाळी एक वेगळीच वर्दळ दिसू लागते. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील सदनिकांतून निघालेली कुटुंबे, पुढच्या आसनावर बसलेला जमिनीचा दलाल, आणि मोटारीच्या मागच्या बाजूस जेवणाचे डबे! सरळगाव, धसई, टोकावडे, तिकडे शहापूर तालुक्यात किन्हवली आणि डोळखांब, अशी गावे या मंडळींच्या बोलण्यात सरावाने येऊ लागली आहेत. सोनेरी झालेले माळ, निवळ पाण्याचे ओढे, मागे सिद्धगड आणि गोरखगडाचे सुळके. अशा वेळी ज्याचे मन विरघळणार नाही असा नागरिक विरळाच. मग एकर, दोन एकर जमीन, त्यावर कौलारू घर, आंब्याची पाचपंचवीस कलमे, आणि अलीकडे या स्वप्नात आणखी एका प्राण्याची भर पडली आहे, ती म्हणजे घोड्याची.

हे स्वप्न हास्यास्पद मुळीच नाही. ज्याचे अर्धे आयुष्य सकाळच्या जलद गाडीच्या दारात लोंबकळण्यात गेले, त्याला उतारवयात मोकळे रान आणि एखादे उमदे जनावर हवेसे वाटले तर त्यात नवल ते काय? तथापि या स्वप्नासाठी बहुधा भविष्यनिर्वाह निधीची सारी शिल्लक खर्ची पडते, आणि व्यवहार फसला तर ती परत मिळविण्यासाठी दुसरे आयुष्य नसते. म्हणून त्याची तपासणी थोडी कठोरपणे होणे इष्ट होय.

पहिली गोष्ट ऋतूची. जमीन दाखविण्याचा हंगाम कार्तिक ते फाल्गुन हा असतो, आणि घोडे विकत घेण्याचा हंगामही तोच. तापीकाठच्या सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते ती मार्गशीर्ष पौर्णिमेला, आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो तो त्याच यात्रेत. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्राही याच दिवसांतली. खुद्द मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेस भरते. ती मात्र मुख्यतः बैलांची. म्हणजे जमीन आणि जनावर ही दोन्ही कोरड्या ऋतूत पारखली जातात आणि दोघांचीही खरी कसोटी लागते ती पावसाळ्यात. थंड देशांतील अश्वपालकाला हिवाळ्याची चिंता असते. बर्फ, गोठलेले पाणी आणि साठविलेले गवत यांचा हिशेब तो भाद्रपदापासूनच मांडू लागतो. उत्तर कोकणातला हिवाळा घोड्याला सुखाचा, किंबहुना वर्षातला सर्वांत सुखाचा काळ. इथला घोड्याचा ‘हिवाळा’ जूनमध्ये उगवतो आणि ऑक्टोबरापर्यंत मुक्काम करतो. या पट्ट्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच कोसळतो.

घोडा हा मूळचा कोरड्या गवताळ प्रदेशातला प्राणी. कोकणच्या किनाऱ्याला तो कधीच मानवला नाही, याची साक्ष इतिहासच देतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याविषयी एक चमत्कारिक माहिती नोंदवून ठेवली आहे. या राजाचा म्हणे समुद्रावरील चाच्यांशी करार होता. लुटीतला इतर माल चाच्यांनी ठेवावा, घोडे मात्र राजाच्या स्वाधीन करावेत. कारण राज्यात घोडे निपजत नसत आणि बाहेरून येणाऱ्यांवरच सारी भिस्त असे. याच प्रवाशाने दक्षिणेच्या पूर्व किनाऱ्याविषयी लिहिताना, दरसाल हजारो घोडे येतात आणि वर्षअखेर त्यांतले फार थोडे उरतात, असे म्हटले आहे. याचे एक कारण त्याने दिले ते असे, की तिकडे घोड्यांची निगा राखणारी जाणती माणसे नाहीत आणि जनावरांना शिजवलेला भात व मांस चारतात. सातशे वर्षे लोटली, पण घोड्याच्या पोटाची रचना काही बदलली नाही. मराठ्यांच्या दौडीचे जे तट्टू प्रसिद्ध आहे ते भीमथडीचे, म्हणजे घाटावरच्या कोरड्या मुलखातले. त्या जातीची देशी जात म्हणून स्वतंत्र नोंद अगदी अलीकडे झाली.

तेव्हा घोडा कोकणात राहू शकत नाही काय? राहतो. ठाणे-कल्याणच्या स्थानकांबाहेर टांगे उभे असत हे जुन्या पिढीला आठवते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत रस्त्यावर होत्या. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर मॅलेट यांनी ज्या माथेरानचा शोध लावला असे सांगतात, तिथे आजही अनेक कुटुंबांची चूल घोड्यावर पेटते. पण टांगेवाल्याची किंवा माथेरानच्या घोडेवाल्याची सारी हयात जनावराच्या सान्निध्यात जाते. शनिवारी रात्री येऊन रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या मालकाचा घोडा ही निराळीच गोष्ट आहे.

पावसाळ्यात घोड्याला प्रथम दगा देतो तो त्याचा खूर. सतत चिखलात उभ्या असलेल्या घोड्याच्या खुराच्या तळव्यातला मऊ भाग कुजू लागतो आणि दुर्गंधी सुटते. पाठीवरची कातडी ओलीच राहिली तर खपल्या धरतात, केस झडतात. गोमाश्यांच्या चाव्यातून सर्रा नावाचा ताप येतो आणि चांगले पोसलेले जनावर काही आठवड्यांत हाडांचा सापळा होते. याहून भयंकर म्हणजे पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही. जे पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. पावसात भिजून बुरशी धरलेली वैरण त्याच्या पुढ्यात टाकली, तर मध्यरात्री तो जमिनीवर लोळू लागतो आणि ओढ्याला पूर आलेला असतो. अशा वेळी पशुवैद्य कुठून आणि किती वेळात येणार, हा प्रश्न जमीन पाहतानाच विचारावयाचा असतो. गुरांचे डॉक्टर तालुक्यात आहेत. घोड्यावर हात बसलेले थोडे. मुंबईत परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे खरे, पण पोटशूळ झालेल्या घोड्याला धसईहून परळपर्यंत तग धरावयास सांगता येत नाही. नालबंद मिळणे तर त्याहूनही दुर्घट. आणि खूर दर सहा-आठ आठवड्यांनी तासावे लागतात, मग मालकाला सवड असो वा नसो.

वैरणीचा हिशेब तर फारच थोडे लोक करतात. चारशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाकाठी सुमारे आठ किलो कोरडे गवत लागते. पावसाचे चार महिने, म्हणजे १२० दिवस धरले तर जवळजवळ एक टन. हे गवत शिवारात सगळीकडे दिसणारा भाताचा पेंढा नव्हे. पेंढा बैलाच्या चार कप्प्यांच्या पोटात पचतो. घोड्याला त्यातून पोषण फारसे मिळत नाही आणि पोटात गोळा होण्याचा धोका मात्र राहतो. तो आणि भाताचे तूस ठाणबंदीत अंथरावयास उत्तम. खाण्यासाठी माळावरचे मारवेल, पवना यांसारखे गवत हवे. ते कापून वाळण्याचा काळ पाऊस सरल्यानंतरचे काही आठवडे एवढाच, आणि ते ठेवावयास जमिनीपासून हातभर उंच, वारा खेळेल अशी माची हवी.

या गवताला या जिल्ह्यात इतिहास आहे, आणि तो विसरण्याजोगा नाही. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. त्यापूर्वी तो सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. तिथले रान कापून गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. १९४५ साली वारल्यांनी जो लढा उभारला त्यातली एक मुख्य मागणी गवत कापण्याच्या मजुरीची होती. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये. त्या लढ्यात ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार होऊन माणसे मेली. शहरातल्या घोड्याच्या पुढ्यात पडणाऱ्या पेंडीमागे कोणाचा विळा असतो, हे तेव्हा सर्वांना दिसले. आज माळ विकत घेणाऱ्याला तो ‘मोकळा’ दिसतो. वस्तुतः तो मोकळा क्वचितच असतो. कोणाची गुरे तिथे चरतात, कोणी राबासाठी तिथला पाला नेतो, कोणाच्या पाड्याची पाण्याची वाट त्यातूनच जाते. तारेचे कुंपण पडले की पहिला तंटा तिथेच उभा राहतो.

कायद्याने यातले बरेच आधीच ओळखले आहे, आणि खरेदीदाराला जो जाच वाटतो तो पुष्कळदा दुसऱ्या कोणाचे संरक्षण असतो. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. डोंबिवलीच्या कारकुनाच्या आजोबांची रत्नागिरीस जमीन होती, एवढ्यावर भागत नाही. तिच्या सात-बारावर त्याचे स्वतःचे नाव लागलेले असावे लागते. याच कायद्याच्या व्याख्येत गवत वाढविणे आणि राबासाठी जमीन वापरणे हे शेतीत मोडते. जनावरांची पैदास मात्र शेतीशी संलग्न व्यवसाय म्हणून वेगळी ठेवली आहे. म्हणजे स्वतःच्या शेतात एखादे जनावर बाळगणे निराळे, आणि पैसे घेऊन मुलांना रपेट घडविणारे केंद्र काढणे निराळे. दुसऱ्यास अकृषिक वापराचा प्रश्न चिकटतो. याची विचारपूस तहसील कार्यालयात करावी, दलालाकडे नव्हे.

आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस घेता येणे जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ या कलमांनी जवळजवळ अशक्य केले आहे. १९७४ च्या कायद्याने पूर्वी गेलेल्या जमिनीही परत देण्याची तरतूद केली. मुरबाड-शहापुरात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती मोठी. तेव्हा सात-बारावर आज कोणाचे नाव आहे एवढेच पाहून चालत नाही. जुने फेरफार वाचून ती जमीन तीसचाळीस वर्षांपूर्वी कोणाची होती हे शोधावे लागते. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचा शेरा कित्येक डोंगरउतारांच्या उताऱ्यांवर आहे. कुळकायद्याने मिळालेली किंवा भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर तिच्या हस्तांतरावर अटी असतात. आणि ‘पाच गुंठ्यांचे फार्महाऊस’ म्हणून जे कागदी तुकडे विकले जातात त्यांतल्या अनेकांत खरेदीदाराच्या हाती येतो तो सामाईक सात-बारातला एक अविभक्त हिस्सा. १९४७ चा तुकडेबंदी कायदा त्याच्या आड उभा असतो. अशा हिश्शावर तबेला सोडा, खुंटा ठोकावयासही शेजाऱ्यांची संमती लागेल. रस्त्याचेही तसेच. बैलगाडी जाते ती वाट आणि नकाशावरची वाट एकच असेल असे नाही. संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, पण तो अर्ज निकालात निघेपर्यंत गवताची गाडी शिवेबाहेर उभी राहते.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाला आणि शहापूरच्या बाजूला मोटारींची ही रांग आणखी वाढली. किमतींची चर्चा जोरात आहे. पुराची चर्चा मात्र कोणी करीत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या दरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले, तेव्हा आजूबाजूचे शिवार पाण्याखाली होते. नदीकाठची जमीन कार्तिकात सर्वांत देखणी दिसते, हे त्या दिवशी तिथल्या गोठ्यांत बांधलेल्या जनावरांच्या काय कामाचे?

तेव्हा ज्याला हे खरोखरच करावयाचे आहे त्याने जमीन एकदा आषाढात, चार दिवस सलग पाऊस पडल्यानंतर, पायी जाऊन पाहावी. घोट्यापर्यंत पाय कुठे रुततो, पाणी कुठे तुंबते, वीज किती तास नसते, पलीकडच्या पाड्याचा ओढा किती दिवस ओलांडता येत नाही, हे त्या एका फेरीत कळते आणि त्यास दलाली पडत नाही. मुरमाड, उताराची, बारमाही विहिरीची जमीन मिळाली तर ठाणबंदी तीवरच बांधावी. बारा फूट लांब, बारा फूट रुंद, छप्पर उंच, वाऱ्याला वाट आणि पाण्याला उतार असलेली. घोडा एकटा ठेवू नये. तो कळपातला प्राणी आहे. दुसरा घोडा नसेल तर निदान एखादी शेळी तरी सोबतीला असावी. विकत घेण्यापूर्वी रक्ताची तपासणी करावी. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, आणि तो आढळल्यास सरकारला कळविणे बंधनकारक असून जनावर मारावेच लागते. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. आणि मुख्य म्हणजे, जो माणूस त्या जनावरापाशी रात्री निजणार आहे, तो आधी ठरवावा. बहुधा तो शेजारच्या पाड्यातला तरुण असेल. बैल त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या असतील, घोडा त्याने लग्नाच्या वरातीतच पाहिलेला असेल. त्याला वर्षभर पगार, शिकवण आणि हक्काची रजा देण्याची तयारी नसेल, तर सारंगखेड्याचे तिकीट काढू नये.

सर्वांत सोपा मार्ग काही मंडळी चोखाळतात तो असा. पहिले वर्ष जमीन घेत नाहीत, भाड्याने घेतात. कार्तिकात गवत विकत घेऊन माचीवर रचतात आणि घोडा न आणताच एक पावसाळा ते कोरडे राहते की नाही हे पाहतात. भाद्रपदात गंजी उघडल्यावर आतली पेंडी हिरवट-पिवळी आणि सुवासिक निघाली, तर पौषात जनावर येते. काळी आणि कुबट निघाली, तर ती खतात जाते आणि दुसऱ्या वर्षी माची आणखी हातभर उंच होते.