कौमे-यूनुसची तौबा आणि पायाचा दगड

‘आपल्या कौमचे आता काय होणार?’ हा प्रश्न मशिदीच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर सतत ऐकू येतो. उत्तरेही तयार असतात. कोणी सरकारकडे बोट दाखवतो, कोणी पुढाऱ्यांकडे, कोणी उलेमांकडे. स्वतःकडे बोट दाखवणारा क्वचितच भेटतो.

कुरआनात अनेक कौमांचे किस्से आले आहेत. आद आणि समूद यांना ताकदीचा गर्व नडला. हजरत शुऐब (अलै.) यांची मदयनची कौम तर माप-तोलात लबाडी करणारी होती. नबी समजावत राहिले, लोक हसत राहिले आणि शेवटी अजाब आला. बहुतेक किस्से असेच संपतात.

पण एक कौम वेगळी निघाली. सूरह यूनुसच्या ९८व्या आयतीत अल्लाहने तिचा खास उल्लेख केला आहे. अजाब डोक्यावर आलेला असताना तिने ईमान आणले, ते तिच्या कामी आले आणि अपमानाचा अजाब तिच्यावरून दूर करण्यात आला. ही कौम हजरत यूनुस (अलै.) यांची.

निनवा शहरात काय घडले?

आजच्या इराकमधील मोसुल शहरासमोर, दजला नदीच्या पूर्व काठावर निनवाचे अवशेष आहेत. तेथील लोकांना हजरत यूनुस (अलै.) यांनी परोपरीने समजावले. कोणी ऐकेना. शेवटी नाराज होऊन, अल्लाहच्या हुकमाची वाट न पाहता, ते शहर सोडून निघाले. जहाज, चिठ्ठ्या टाकणे, समुद्र आणि मासा हा पुढचा किस्सा आपल्या मुलांनाही पाठ असतो.

शहरात मागे काय घडले, ते मात्र आपण फारसे सांगत नाही. तफसीरकारांनी लिहिले आहे की, अजाबाची चिन्हे दिसताच लोकांना नबींचे बोल आठवले. बायका-मुले, गुरेढोरे घेऊन सगळे मोकळ्या मैदानात आले. जनावरांची पिल्लेही आयांपासून वेगळी केली. माणसांच्या रडण्यात जनावरांचे हंबरणे मिसळले.

हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून याच प्रसंगी आणखी एक गोष्ट सांगितली जाते. या लोकांनी नुसते अश्रू ढाळले नाहीत. ज्याचे जे लुबाडले होते, ते त्याला परत केले. एखाद्याने दुसऱ्याचा दगड घेऊन आपल्या घराच्या पायात बसवला असेल, तर तो दगडसुद्धा उपटून मालकाला नेऊन दिला.

‘सर, मग त्याचे घर पडले का?’

रविवारी मोहल्ल्यातील मुलांना मी दीनच्या गोष्टी सांगतो. हा किस्सा सांगितला तेव्हा सहावीतली एक मुलगी म्हणाली, ‘सर, पायाचा दगड काढला, मग त्याचे घर पडले का?’

मी म्हणालो, ‘भिंत पडली असेल, पण शहर वाचले.’ मुले पुढच्या गोष्टीसाठी सरसावून बसली. माझे मन मात्र तिथेच अडकले.

आमच्या दादांची सहा एकर जमीन होती. ते गेले तेव्हा त्यांच्यामागे दोन मुलगे आणि दोन मुली होत्या. शरीअतप्रमाणे मुलग्यांना दोन-दोन एकर आणि मुलींना एक-एक एकर मिळायला हवी होती. प्रत्यक्षात अब्बा आणि चाचांनी तीन-तीन एकर वाटून घेतली. दोन्ही फुफींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. ‘भावांचे भले होऊ दे, माझे माहेर तुटू नये,’ एवढेच त्या बोलल्या. पुढे अब्बांनी एक एकर विकून घर बांधले. त्याच घरात मी वाढलो, नमाज शिकलो, बी.एड.चा अभ्यास केला. त्या घराच्या पायात कोणाचा दगड होता?

हक्कसोडपत्राने सुटका होते का?

आई-वडील जे मागे ठेवतात त्यात, थोडे असो वा जास्त, स्त्रियांचाही हिस्सा ठरलेला आहे, असे सूरह निसा सांगते. वारशाचे हिस्से सांगून झाल्यावर या अल्लाहच्या हद्दी आहेत, असेही बजावते. आपण मात्र म्हणतो, ‘लग्नात खर्च केला ना!’ लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे. ‘तिने स्वतःच सोडले,’ असेही म्हणतो. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला राजीखुशी कसे म्हणावे? उलेमा सांगतात, आधी तिचा हिस्सा तिच्या ताब्यात द्या. मग तिने मनापासून परत दिला, तर ती तिची मर्जी.

आपल्या घराघरांत संकटाच्या वेळी आयते-करीमा पढली जाते. चिंचोके मोजून सवा लाखाची गिनती पूर्ण होते. हजरत यूनुस (अलै.) यांनी माशाच्या पोटात केलेल्या या दुआत अल्लाह एकच आहे, तो पाक आहे आणि कसूर माझा आहे, या तीन गोष्टी आहेत. नबींनी अंधारात कसूर कबूल केला, कौमने मैदानात केला. दोघांनाही अल्लाहने सावरले. नबींना त्याच लाखाहून अधिक लोकांकडे पाठवले गेल्याचे सूरह साफ्फातमध्ये आहे. आपण मात्र तो तिसरा भाग जिभेने पढतो आणि बोट दुसऱ्याकडे दाखवतो.

वेळ असेपर्यंत

याच सूरह यूनुसमध्ये फिरऔनचाही किस्सा आहे. बुडताना त्यानेही ईमान आणल्याचे सांगितले, पण वेळ निघून गेली होती. निनवाच्या लोकांनी वेळ असताना पाऊल उचलले. तरीही कुरआन म्हणते की, त्यांना एका मुदतीपर्यंतच सुख दिले गेले. इतिहास सांगतो की इ.स.पू. ६१२ मध्ये निनवा शहर शत्रूंच्या हल्ल्यात उद्ध्वस्त झाले. एका पिढीची तौबा पुढच्या पिढ्यांसाठी कायमचा परवाना ठरत नाही.

त्या रविवारी रात्री मी अब्बांपुढे विषय काढला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘माझ्या हयातीत फेडून टाक.’ थोरली फुफी आता हयात नाही, म्हणून अब्बांकडे आलेला तिचा हिस्सा आम्ही तिच्या वारसांना हप्त्याहप्त्याने देत आहोत. पहिला हप्ता घेऊन गेलो तेव्हा तिची लेक काही बोलली नाही, नुसती रडली. धाकट्या फुफीचा हिस्सा चाचांकडे आहे. त्यांच्या घरी अजून मन वळलेले नाही. आम्ही प्रयत्न सोडलेला नाही.

कौमची हालत एका सभेने बदलणार नाही. निनवात ती घराघरातून निघालेल्या दगडांनी बदलली. आपापल्या घराचा पाया एकदा तपासून पाहू या. अल्लाह आपल्याला हक्कदारांचे हक्क वेळेत परत करण्याची तौफीक देवो. आमीन.